चितळ : ओळख, जीवनक्रम आणि जंगलकाठच्या पिकांचे संरक्षण

हरभरा फुलोऱ्यावर आला की जंगलकाठच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. पेरणी, खत, फवारणी, ओलित असा सगळा खर्च होऊन गेलेला असतो आणि एका रात्रीत आलेला हरणांचा कळप धुऱ्याकडची तासेच्या तासे साफ करून जातो. चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी राग येणे साहजिक आहे. परंतु रागाच्या भरात शेताभोवती वीजप्रवाहाची तार लावण्याचा जो मार्ग काही जण पत्करतात, त्यात हरणापेक्षा माणसाचेच अधिक नुकसान झाल्याची उदाहरणे आहेत.

कीड आली तर आपण तिची ओळख करून घेतो. तिचा जीवनक्रम, ती कोणत्या वेळी खाते, कोठे लपते, कशाने दूर राहते हे पाहतो आणि मगच उपाय योजतो. वन्य प्राण्यांच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडते, मात्र येथे उद्देश प्राणी मारण्याचा नसून पीक वाचविण्याचा आहे. या दृष्टीने आपल्याकडील सर्वांत परिचित हरीण असलेल्या चितळाची शास्त्रीय माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

हरणांचे दोन गट : सारंग आणि कुरंग

बोलण्यात आपण सर्वांनाच हरीण म्हणतो. शास्त्रीयदृष्ट्या मात्र त्यांचे दोन वेगळे गट आहेत. पहिला गट सारंगांचा. चितळ, सांबर आणि भेकर हे या गटात येतात. यांच्या नरांना भरीव, हाडाची, फाटे असलेली शिंगे येतात आणि ती ठरावीक काळाने गळून पडून पुन्हा नवी येतात. दुसरा गट कुरंगांचा. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय म्हणजेच रोही हे या गटातील प्राणी होत. यांची शिंगे गाय-बैलाच्या शिंगांप्रमाणे आतून हाडाचा गाभा व वरून टोपण अशा रचनेची असतात. त्यांना फाटे नसतात आणि ती जन्मभर टिकतात. म्हणजे रोह्याच्या नावात ‘गाय’ असली तरी तो गाय नव्हे, आणि त्याला हरीण म्हटले तरी तो चितळाच्या कुळातील नव्हे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. दोन्ही गटांच्या सवयी वेगळ्या असल्याने पीक संरक्षणाचे उपायही काही प्रमाणात वेगळे ठरतात. काळवीट उघड्या माळावरचा प्राणी आहे, तर चितळाला झाडीचा आडोसा लागतो.

बाह्य स्वरूप

चितळाचे शास्त्रीय नाव ॲक्सिस ॲक्सिस असे आहे. जर्मन शास्त्रज्ञ एर्क्सलेबेन यांनी १७७७ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘चितळ’ हा शब्द संस्कृतातील ‘चित्र’ म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी या अर्थाच्या शब्दापासून आला आहे.

पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळ उंची सुमारे ९० सें.मी. व वजन ७० ते ९० किलोपर्यंत असते. मादी लहान व सडपातळ असून तिची उंची सुमारे ७० सें.मी. व वजन ४० ते ६० किलो असते. अंगाचा रंग तांबूस तपकिरी असून त्यावर पांढरे शुभ्र ठिपके असतात. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून काळसर पट्टा जातो व त्याच्या दोन्ही बाजूंस ठिपक्यांची रांग असते. कुशीच्या खालच्या भागावरील ठिपके जवळजवळ येऊन रेषेसारखे दिसतात. गळा, पोट, पायांची आतील बाजू आणि शेपटीची खालची बाजू पांढरी असते. नर जसा वयस्क होतो तशी त्याची मान व तोंडाचा भाग अधिक गडद होतो.

अनेक जातींच्या हरणांत ठिपके फक्त पाडसाच्या अंगावर असतात व मोठेपणी नाहीसे होतात. चितळाचे ठिपके मात्र जन्मापासून मरेपर्यंत टिकतात. त्यांचा उपयोग लपण्यासाठी होतो. झाडांच्या पानांतून जमिनीवर पडणारे उन्हाचे कवडसे आणि अंगावरचे ठिपके एकमेकांत मिसळतात व प्राण्याच्या शरीराची कड शत्रूच्या नजरेला सहजासहजी लागत नाही. शेतातून जंगलात शिरलेला कळप चार पावलांवर असूनही ‘कुठे गेला’ असे आपल्याला वाटते ते यामुळेच.

चितळाच्या डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्याजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणाऱ्या द्रवाचा वास झुडपांना लावून नर आपली हजेरी इतरांना कळवितो. मागील पायांवरही गंधग्रंथी असतात. हरणांच्या जगात वासाला फार महत्त्व आहे.

शिंगांची वाढ

शिंगे फक्त नराला असतात. प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीन टोके असतात. कपाळाजवळून निघणारे पहिले टोक मुख्य दांड्याशी जवळजवळ काटकोन करते आणि दांडा वर जाऊन दोन टोकांत विभागतो. चांगल्या वाढलेल्या नराचे शिंग मीटरच्या जवळपास लांब होते.

शिंगाची वाढ कवटीवरील दोन हाडांच्या देठांतून सुरू होते. वाढीच्या काळात शिंग मऊ असते व त्यावर बारीक लव असलेली मखमलीसारखी त्वचा असते. या त्वचेत रक्तवाहिन्यांचे जाळे असून त्यांतून शिंगाला चुना व स्फुरद यांचा पुरवठा होतो. या अवस्थेत शिंगाला इजा झाली तर रक्त येते व ते वेडेवाकडे वाढते. त्यामुळे नर या काळात शिंगे जपतो. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा थांबतो, त्वचा सुकते आणि नर झुडपांवर शिंगे घासून ती काढून टाकतो. आता शिंग पक्के होते व झुंजीसाठी तयार असते. माजाचा काळ संपल्यावर शरीरातील नर संप्रेरकांचे प्रमाण घटते, देठाजवळची पकड सैल होते व शिंग गळून पडते. मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अनेक नर बिनशिंगी दिसतात. तथापि सर्व नरांचे चक्र एकाच वेळी चालत नाही. एकाच कळपात कोणाची शिंगे पक्की, कोणाची मखमली तर कोणाची गळालेली असे दृश्य वर्षभर दिसू शकते.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शिंगांची टोके मोजून चितळाचे वय सांगता येते असे समजले जाते. ते खरे नाही, कारण प्रौढ नराला बहुधा तीनच टोके असतात, मग तो ५ वर्षांचा असो वा ८ वर्षांचा. दुसरे असे की, शिंग उगाळून लावल्यास दुखणे बरे होते असे मानून काही लोक ते घरात ठेवतात. सारंगांचे शिंग म्हणजे हाड होय. त्यात दुसऱ्या हाडात नसलेला असा कोणताही गुण नाही. शिवाय जंगलात गळून पडलेले शिंग उचलून आणणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे लक्षात ठेवावे. जमिनीवर पडलेले शिंग वाया जात नाही. चितळे व इतर प्राणी ते चघळून त्यातील चुना व स्फुरद परत मिळवितात.

अधिवास आणि आहार

भारत, नेपाळ, भूतान, बांगला देश आणि श्रीलंका हे चितळाचे मूळ प्रदेश आहेत. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर, टिपेश्वर या विदर्भातील जंगलांत चितळे दिसतात. मुंबईजवळच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ती आहेत.

चितळाला तीन गोष्टी एकत्र लागतात : चरण्यासाठी गवताळ मोकळी जागा, लपण्यासाठी झाडी आणि जवळपास पाणी. दाट, अंधाऱ्या जंगलात तसेच पूर्ण उघड्या माळावर तो फारसा रमत नाही. जंगल आणि मोकळी जागा जेथे मिळते तो काठ त्याला सर्वांत अधिक मानवतो. आता आपले शेत आठवावे. एका बाजूला झुडपी जंगल, मध्ये नाला आणि पलीकडे ओलिताखालचा हिरवागार हरभरा. चितळाला हवे ते सर्व आपणच एका ठिकाणी मांडून ठेवलेले असते. चितळ शेतात येतो तो खोडीने नव्हे. त्याच्या दृष्टीने ते उत्तम कुरण असते.

तथापि एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची आहे. चितळ सहसा आडोशापासून फार दूर जात नाही. म्हणून नुकसान मुख्यतः जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यात होते. संरक्षणाचा पैसा व मेहनत या पट्ट्यावर केंद्रित करावी.

गाय-म्हशींप्रमाणे चितळ हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाला चार कप्पे असतात. सकाळी व संध्याकाळी भराभर चरून घ्यायचे आणि नंतर सुरक्षित जागी बसून रवंथ करायचे, अशी त्याची दिनचर्या असते. कोवळे गवत हे मुख्य अन्न होय. पावसाळ्यात ते मुबलक मिळते. हिवाळ्यात गवत वाळून निबर होऊ लागले की तो झाडांची पाने, शेंगा, फळे व फुले यांकडे वळतो. मोहाची फुले, आवळा, बेहडा, बोर ही त्याची आवडती खाद्ये आहेत. नेमके याच काळात आपल्या शेतात रब्बीची कोवळी पिके उभी असतात. हरभरा, गहू, लाखोळी, तूर यांवर हिवाळ्यात चितळांचा रोख का वाढतो, याचे कारण या ऋतुचक्रात आहे. जंगलातील कुरणे आगीत जळाली किंवा गुरांच्या अतिचराईने संपली, तर कळप आणखी लवकर शेताकडे येतो. म्हणून वणवा न लावणे हे देखील पीक संरक्षणच आहे.

कळप आणि वर्तन

चितळ कळपाने राहतो. कळपात १० ते ५० जनावरे सर्रास दिसतात. चांगल्या कुरणावर अनेक कळप एकत्र येऊन ही संख्या शंभरावर जाते. कळपाचा कणा म्हणजे माद्या व त्यांची पिले. बहुधा एखादी वयस्क मादी पुढे असते व तिच्या मागे इतर जातात. ती पुढे येऊन कानोसा घेईपर्यंत बाकीचे झाडीच्या कडेला थांबतात.

ऐकणे व वास घेणे या दोन्हींत चितळ फार तरबेज आहे. हालचालही तो चटकन टिपतो. मात्र हरणांच्या डोळ्यांत माणसाप्रमाणे तीन नव्हे, तर दोनच प्रकारचे रंग ओळखणारे कोष असतात. त्यामुळे लाल व हिरवा यांतील फरक त्यांना नीट कळत नाही. शेताभोवती लाल साड्या बांधण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तिचा थोडाफार उपयोग होतो तो रंगामुळे नव्हे, तर वाऱ्याने हलणाऱ्या कापडामुळे व पलीकडचे पीक दिसेनासे झाल्यामुळे होतो. तेव्हा लाल साडीच हवी असे नाही, कोणत्याही रंगाची चालेल.

धोका दिसताच चितळ पुढचा पाय जमिनीवर आपटतो व तीक्ष्ण, उंच आवाजात ओरडतो. हा इशारा मिळताच सारा कळप मान वर करून एकाच दिशेने पाहू लागतो. वानरे आणि चितळे यांची जोडी तर जंगलकाठच्या प्रत्येकाने पाहिली असेल. वानरे झाडावरून पाने व फळे खाली टाकतात, ती चितळे खातात. उंचावरून वानराला बिबट्या किंवा वाघ आधी दिसतो व त्याच्या खेकसण्याने चितळ सावध होतो, तर जमिनीवरचा वास चितळाला आधी लागतो व वानर सावध होते. जागलीवर असलेल्या शेतकऱ्याने हे आवाज ओळखायला शिकावे. चितळ किंवा वानर एकाच दिशेकडे पाहून सारखे ओरडत असेल, तर त्या बाजूला एकट्याने जाऊ नये.

प्रजनन

चितळात प्रजनन वर्षभर चालू असते, परंतु मध्य भारतात उन्हाळ्यात माजाचा जोर सर्वाधिक असतो. जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मध्य प्रदेशातील कान्हा येथे चितळ व वाघ यांचा बारकाईने अभ्यास केला व १९६७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. चितळाविषयीची आपली बरीच माहिती या कामावर आधारलेली आहे. माजावर आलेला नर मोठ्याने डरकतो, मागील पायांवर उभा राहून उंच फांद्यांना शिंगे व तोंड घासतो आणि इतर नरांशी झुंजतो. जो नर जिंकतो तो माजावर आलेल्या मादीच्या मागे राहतो.

गर्भकाळ सुमारे साडेसात महिन्यांचा असतो. मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते, जुळी क्वचित होतात. जन्मल्यानंतर सुमारे आठवडाभर पाडस झुडपात किंवा उंच गवतात दबून बसते व आई दिवसातून काही वेळा येऊन त्याला पाजून जाते. त्यानंतर ते आईबरोबर कळपात मिसळते. दूध सुमारे ६ महिने पिते. मादी साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या वयात प्रजननक्षम होते. जंगलात चितळाचे आयुष्य ९ ते १३ वर्षांचे असते.

यातून एक महत्त्वाची सूचना निघते. तुरीच्या किंवा गव्हाच्या शेतात एकटे बसलेले पाडस दिसले, तर ते पोरके झाले असे समजून घरी आणू नये. त्याची आई जवळच असते व माणसे दूर गेल्यावर ती परत येते. गाईचे दूध पाजून वाढविण्याच्या प्रयत्नात अशी पाडसे बहुधा हगवणीने मरतात. पाडस जखमी असेल किंवा दुसऱ्या दिवशीही एकटेच दिसत असेल, तर वन विभागाला कळवावे. विहिरीत पडलेल्या किंवा कुंपणात अडकलेल्या चितळाच्या बाबतीतही गर्दी करून त्याला धरू नये. अति भीतीने व धडपडीने हा प्राणी धरल्यावर काही वेळाने दगावतो.

निसर्गातील स्थान

वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे हे चितळाचे मुख्य शत्रू होत. पाडसांना कोल्हे व अजगरही पकडतात. एका वाघाला वर्षाला चितळाएवढे सुमारे ५० प्राणी लागतात. जंगलात चितळ, सांबर, रानडुक्कर पुरेसे असतील, तर वाघाचे पोट तेथेच भरते. चितळे चोरट्या शिकारीने कमी झाली, तर वाघ-बिबट्याचा मोर्चा गावाकडील गुराढोरांकडे वळण्याची शक्यता वाढते. म्हणजे आज मारलेल्या चितळाची किंमत उद्या गोठ्यातील गाय देते.

याच्या उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. हवाई बेटांवर १८६० च्या दशकात चितळे बाहेरून नेण्यात आली. तेथे वाघ नाही, बिबट्या नाही. त्यामुळे त्यांची संख्या बेसुमार वाढली व शेते, कुरणे आणि रानातील रोपे यांची मोठी हानी झाली. आपल्या अंदमान बेटांवरही इंग्रजी अमदानीत सोडलेल्या चितळांनी नैसर्गिक रोपांची वाढ खुंटविली आहे. शिकारी प्राणी नसतील तर चितळ उपद्रवी ठरतो आणि चितळ नसतील तर शिकारी प्राणी उपद्रवी ठरतो. दोन्हींचा तोल सांभाळला जाणे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे.

गुरे व चितळे एकाच कुरणावर चरत असल्याने रोगांची देवाणघेवाण होते. लाळ्या-खुरकुताचा प्रादुर्भाव चितळांतही होतो. म्हणून जंगलकाठच्या सर्व जनावरांना वेळच्या वेळी लस टोचून घ्यावी. त्यात आपलाही लाभ आहे व वन्य प्राण्यांचाही.

नुकसान कोणी केले हे कसे ओळखावे?

पंचनाम्याच्या वेळी आणि योग्य उपाय निवडण्यासाठी नुकसान नेमके कोणत्या प्राण्याने केले हे माहीत असणे जरूर असते. पहाटे दव असताना पुढील खुणा पाहाव्यात.

(१) चावा : चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात व वरची कठीण हिरडी यांत पाला धरून तो हिसडा मारतो. त्यामुळे तुटलेली टोके ओबडधोबड व फाटल्यासारखी दिसतात. सशाला वर-खाली धारदार दात असल्याने त्याने कुरतडलेले टोक चाकूने तिरपे कापल्यासारखे असते.

(२) खूर : चितळाच्या खुराचा ठसा दोन निमुळत्या भागांचा, पुढे टोकदार व सुमारे ५ सें.मी. लांब असतो. शेळीचा चावा चितळासारखाच असला तरी तिच्या खुराचे टोक अधिक बोथट असते. रोही व सांबर यांचे ठसे बरेच मोठे असतात. रानडुकराच्या ठशामागे ओल्या मातीत बाजूच्या दोन नख्यांच्या खुणाही उमटतात.

(३) लेंड्या : चितळाच्या लेंड्या लहान, काळपट व लांबट गोल असतात. रोही पुष्कळदा एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतो व तेथे ढीग साचतो.

(४) नुकसानीचा प्रकार : चितळ शेंडे व कोवळा पाला खातो. रानडुक्कर जमीन उकरतो, मुळे-कंद काढतो व उभी ताटे आडवी पाडतो.

संरक्षणाचे उपाय

(१) काठावरच्या पिकाची निवड : जंगलाकडील पट्ट्यात चितळाला न आवडणारी पिके घ्यावीत. मिरची, हळद, एरंडी ही पिके त्या दृष्टीने बरी. हरभऱ्याभोवती काटेरी करडईच्या काही ओळी पेराव्यात. मात्र कोवळ्या करडईला काटे नसतात व ती खाल्ली जाते. म्हणून ती हरभऱ्याच्या आधी १० ते १५ दिवस पेरावी.

(२) एकाच वेळी पेरणी : एकट्यानेच फार आधी किंवा फार उशिरा पेरलेल्या शेतावर सारा कळप लोटतो. शिवारातील सर्वांनी जवळपास एकाच सुमारास पेरणी केली तर नुकसान विभागले जाते.

(३) कुंपण : चितळ दीड मीटरपर्यंतचे कुंपण ओलांडू शकतो, पण उडी मारण्यापेक्षा खालून घुसणे तो अधिक पसंत करतो. त्यामुळे कुंपणाची उंची वाढवूनही खाली फट राहिली तर खर्च वाया जातो. सर्वांत खालची तार किंवा जाळी जमिनीलगत ठेवावी. नाल्याच्या व चाकोरीच्या जागी राहिलेल्या फटी काटेरी फांद्यांनी बुजवाव्यात.

(४) सौर कुंपण : प्रमाणित यंत्रावर चालणाऱ्या सौर कुंपणात वीज सतत वाहत नाही. साधारण सेकंदाला एकदा अत्यंत अल्प काळाचा झटका दिला जातो. त्याने प्राणी घाबरतो, मरत नाही. तारांना गवत वा वेली टेकल्यास झटका कमकुवत होतो. म्हणून तारेखालील गवत नियमित कापावे व बॅटरीची तपासणी करावी. सौर कुंपणासाठी अनुदानाची योजना आपल्या गावाला लागू आहे काय, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. काही शेतकऱ्यांनी मिळून सलग कुंपण केल्यास खर्च कमी येतो.

(५) बुजगावणे, साड्या, आवाज : यांचा परिणाम थोडे दिवसच टिकतो, कारण चितळ त्यांना सरावतो. जागा, आकार व आवाज दर ३-४ दिवसांनी बदलावेत.

(६) सामूहिक जागल : चितळाचे येणे प्रामुख्याने तिन्हीसांजेला, रात्री व पहाटे असते. पाळ्या लावून २-३ जणांनी मिळून जागल करावी. मचाण जंगलाच्या अगदी कडेला न बांधता शेताच्या आतील बाजूस बांधावे. शेताच्या व जंगलाच्या मधील १०-१५ मीटर पट्ट्यातील आपल्या हद्दीतील झुडपे साफ ठेवावीत. आडोसा नाहीसा झाला की कळप पुढे येण्यास कचरतो.

वीजप्रवाहाची तार कधीही लावू नये

सौर कुंपण वेगळे आणि खांबावरून आकडा टाकून किंवा मोटारीच्या पेटीतून २३० व्होल्टचा प्रवाह कुंपणात सोडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात प्राणी तारेला चिकटतो व मरतो. मरणारे प्रत्येक वेळी चितळच असेल याची शाश्वती नाही. शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्री मिळते. रात्री ओलित करावयास निघालेला शेजारी, पहाटे मोह वेचावयास जाणारी बाई, आपलेच बैल किंवा अंधारात तार विसरलेला खुद्द शेतमालक यांनी अशा तारांवर जीव गमावल्याच्या घटना घडल्या आहेत. असे झाल्यास सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. चितळाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्याची शिकार करणे, मांस विकणे वा बाळगणे यांसाठी तुरुंगवास व दंड होतो. दोन-चार पोत्यांच्या हरभऱ्यासाठी अख्खे घर उद्ध्वस्त करून घेण्यात शहाणपणा नाही.

नुकसान भरपाई

हरणांनी (सारंग व कुरंग या दोन्ही गटांतील), रानडुकरांनी व रोह्यांनी केलेल्या पीक नुकसानीबद्दल महाराष्ट्र शासनाच्या वन विभागामार्फत आर्थिक साहाय्य दिले जाते. त्यासाठी नुकसान दिसताच विलंब न लावता, शक्य तर त्याच दिवशी, जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा व पोच घ्यावी. सोबत सात-बारा उताऱ्याची प्रत असावी व त्यावर उभ्या पिकाची नोंद झालेली असावी. पंचनामा होईपर्यंत नुकसान झालेला भाग नांगरू नये. खुरांचे ठसे, लेंड्या व खाल्लेले पीक यांची छायाचित्रे दिवसा उजेडी घेऊन ठेवावीत. आकारमानाची कल्पना यावी म्हणून ठशाशेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवावी. वर दिलेल्या खुणा माहीत असल्या, तर पंचनाम्याच्या वेळी आपले म्हणणे ठामपणे मांडता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• चितळ आडोशापासून फार दूर जात नाही. काठाचा पट्टा जपावा.
• तो कुंपणाखालून घुसतो. खालची फट आधी बंद करावी.
• तो एकाच प्रकारच्या भीतीला सरावतो. उपाय बदलते ठेवावेत.
• शेतात एकटे दिसलेले पाडस उचलू नये.
• वीजप्रवाहाची तार लावू नये व शेजाऱ्यालाही लावू देऊ नये.
• नुकसानीचा अर्ज त्वरित करावा व पोच जपून ठेवावी.

चितळ आपल्या शिवाराच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत आला आहे आणि पुढेही वावरणार आहे. त्याचे येणे पूर्णपणे थांबविणे कोणालाही शक्य नाही. परंतु तो केव्हा येतो, कोठून येतो, का येतो आणि कशाने थांबतो हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, त्याच्या घरात हरभऱ्याची पोती निश्चितच अधिक येतील, आणि त्यासाठी कोणाचा जीवही जाणार नाही. येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी गावातील जंगलकाठच्या सर्व शेतकऱ्यांनी एकत्र बसून कुंपण, पेरणीची वेळ व जागलीच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात, ही विनंती.